एक जूनचं औक्षण

भैरववाडीत एक जूनला ज्याचा वाढदिवस नसेल त्याला पाहुणा समजावं. नगर रस्त्यावर, वाघोलीला खेटून असलेल्या या गावातलं पन्नाशीच्या पुढचं जवळजवळ प्रत्येक माणूस एक जूनला जन्मलेलं आहे. यात देवाची करणी काही नाही, सगळी करणी गेनबा मास्तरांची. शाळेत नाव घालायला पोर आणलं की मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप डोकं खाजवत म्हणायचा, "ज्वारी काढायला आली व्हती बगा तवा." मास्तर काही ज्वारीवरून तारीख काढत बसणारे नव्हते. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पोराला सहा वर्षं पुरी झालेली लागायची. मास्तर टाक बुडवून एक जून लिहायचे आणि म्हणायचे, "पुढचा."

पुढं गाव महापालिकेत गेलं, ज्वारीच्या जागी बारा-बारा मजले उगवले, पण मास्तरांची तारीख आधार कार्डापर्यंत टिकली. एक जून आला की चौकात फ्लेक्सला जागा पुरत नाही. मधोमध गावपुढारी जयसिंगदादांचा दरवाजाएवढा फोटो, गळ्यात साखळी, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं. त्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, त्यामुळे शुभेच्छा कुणी कुणाला दिल्या याचा पत्ता लागत नाही.

या सगळ्या गर्दीत मुक्ताईचा एक जून तेवढा खरा होता, आणि हेच तिचं दुखणं होतं. पंचाहत्तरी उलटून गेलेली ही बाई अजून ताठ चालायची आणि ताठ बोलायची. "बाकीच्यांची तारीख लिवलेली हाय. माजी तारीख घडलेली हाय," असं ती म्हणायची. लोक हसायचे. खोट्या नाण्यांच्या ढिगात एक खरं नाणं पडलं की त्यालाही लोक दाताखाली घालून बघतात, तसं तिचं झालं होतं.

पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या एक जूनला. हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दिवशी भैरववाडीत काय झालं ते मात्र मुक्ताईलाच ठाऊक होतं, तेही आईच्या तोंडून. सरकारची मोटार येणार म्हणून गाव सकाळपासून रस्त्याकडेच्या लिंबाखाली जमलं होतं. हार होता, नारळ होता, हलगीवाले होते. ओवाळायचं ताट दिलं होतं मुक्ताईच्या आईच्या, चंद्रभागेच्या हातात. घरची थोरली सून, त्यात पहिलटकरीण, दिवस भरलेले. तिच्याइतकं शुभ माणूस त्या दिवशी गावात दुसरं नव्हतं. चंद्रभागेनं पहाटेच ताट लावलं, निरांजनात तूप घातलं आणि लिंबाखाली येऊन उभी राहिली. लांबून हॉर्न ऐकू आला आणि तिला कळ आली. बायकांनी तिला धरून मागच्या छपरात नेलं. ताट राहिलं दगडावर. मोटार आली, थांबली, हार-नारळ झाला, मोटार गेली. छपरात मुक्ताई जन्मली.

"दिवा तसाच जळत व्हता म्हणं दगडावर," मुक्ताई सांगायची. "ओवाळायचं कुनाच्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

मुक्ताई रांगायला लागली तोवर तिचा बाप पटकीनं गेला. मग चंद्रभागेच्या हातात ओवाळायचं ताट कुणी कधी दिलं नाही. विधवा बाईनं ओवाळायचं नसतं, एवढं सांगायला गावात प्रत्येक जण शास्त्री असतो. रस्त्याकडेच्या रानात खुरपताना लाल गाडी दिसली की चंद्रभागा मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. लेक आत्याच्या घरात दिली, गल्ली ओलांडून सासर. नातवंडं झाली. म्हातारी अगदी शेवटी अंथरुणावर पडली तेव्हा लेकीचा हात धरून म्हणाली, "समदं झालं गं. गाडी ओवाळायची तेवढी ऱ्हायली." मुक्ताईनं तेव्हाच मनाशी धरलं होतं की हे आपण फेडायचं. पण त्याच साली तिचा नवरा गेला, आणि ताट तिच्याही हातातून काढून घेतलं गेलं.

यंदा मात्र गोष्ट आपण होऊन दारात आली. ती आणली रंगनाथरावांनी. रंगनाथराव मूळचे सदाशिव पेठेतले. दोन खोल्या विकून मुलाबरोबर भैरववाडीच्या एका टॉवरमध्ये राहायला आले. पेठ सुटली, पण पेठेची जीभ सुटली नव्हती. सोसायटीच्या आणि गावाच्या मिळून असलेल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर ते रोज सकाळी दिनविशेष टाकत. मे महिन्याच्या अखेरीला त्यांनी आगाऊच टाकलं:

"१ जून. १९२९ : प्रभात फिल्म कंपनीची स्थापना. १९३० : मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू. १९४८ : पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी. डेक्कन क्वीनचा वाढदिवस लोक केक कापून करतात. एसटी आपल्या दारावरून गेली, आपण फ्लेक्स लावतो. विचार व्हावा."

विचार झाला. भैरवनाथाच्या मंडपात बैठक बसली. ठरलं असं की एक जूनला सजवलेली एसटी लोणीकंदाकडून वाजतगाजत आणायची, गावाच्या चौकात थांबवायची, ड्रायव्हर-कंडक्टरचा सत्कार करायचा आणि गाडी ओवाळायची. जयसिंगदादा बैठकीला उशिरा आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मंडप, बँड, स्टेज, सगळं माझ्याकडं लागलं. माझा वाढदिवसच हाय त्या दिवशी." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "गाडी मी ओवाळनार."

सगळ्यांनी मागं बघितलं. मुक्ताई उभी राहिली होती.

"का हो आजी?" रंगनाथरावांनी चष्म्यावरून विचारलं.

"माजा जन्म त्याच दिसाचा हाय. गाडी आली आन् मी आले."

मंडपात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "मग मीबी ओवाळतो, माजाबी एक जूनच हाय!" रंगनाथरावांनी हशा ओसरू दिला आणि शांतपणे म्हणाले, "आजी, आपल्याबद्दल आदर आहे. पण या गावात एक जून ही जन्मतारीख नसून शाळाप्रवेशाची सोय आहे. पुरावा असल्यास बोलावं."

"पुरावा? मी ही उभी हाय की तुमच्यापुढं."

यावर तर लोक आणखीच हसले. मुक्ताई बसली नाही. पदर खांद्यावरून घट्ट घेतला आणि मंडपातून चालत बाहेर गेली. तिला राग आला होता आणि रागापेक्षा जास्त अपमान वाटला होता. ज्या दिवसानं तिला जगात आणलं तो दिवस लोक थट्टेवारी नेत होते.

घरी नातसून शेफाली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ही मूळची यवतमाळकडची, खराडीच्या कंपनीत कामाला. तेजसशी लग्न करून या घरात आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, ही कुठली टिकते. तिला टिकायला दोन दिवस लागले, आणि आजीसासूशी तर तिचं असं गूळपीठ जमलं होतं की तेजसलाच घरात परकं वाटायचं. आजी भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापते आहे हे तिनं ऐकलं आणि लॅपटॉप मिटला.

"काय झालं आजी?"

मुक्ताईनं सांगितलं. शेफाली ऐकता ऐकता लाल झाली. "काहून हसले ते? आणि तुमच्या आईनं तारीख काय सांगितली होती?"

"तिला तारीख कुठनं म्हाईत? ती म्हनायची, वैशाख वद्यातला मंगळवार. दर साली वैशाख वद्यात माज्यापुरत्या शेवया करायची. गरिबी व्हती, पर शेवया चुकल्या न्हाईत कधी."

"मास्तरांना सांगितलं होतं का हे?"

"मास्तर कुनाचं ऐकून घेतं व्हय? बाकीच्यांवानी माजंबी लिवलं आन् म्हनलं, पुढचा."

शेफाली चपला घालून तशीच टॉवरकडे गेली. रंगनाथरावांनी दार उघडलं. ती आत न जाता म्हणाली, "काका, तुम्हाला पुरावा पाहिजे ना? आजींच्या आईनं सांगितलेलं आहे. वैशाख वद्य, मंगळवार. मी फोनवर बघू शकते, पण मी घरची. तुम्ही बघा."

रंगनाथरावांना एवढ्या सरळ बोलण्याची सवय नव्हती. "बसा तरी," ते म्हणाले. ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर दिनविशेष आला नाही. त्याऐवजी आलं ते असं:

"१ जून १९४८ तपासले. वार मंगळवार. तिथी वैशाख वद्य. तारीख मास्तरांनी लिहिली, तिथी आईने सांगितली, दोघांनी एकमेकांना विचारलेले नाही. तरी जुळते. मास्तरांच्या हातून आयुष्यात एक तारीख बरोबर लिहिली गेली ती मुक्ताईंची. त्यांचे म्हणणे खरे. माझे बोलणे चूक."

शेफालीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दुपारी उन्हाचं काही काम नसताना मुक्ताई दुकानात गेली, देवळात गेली, पिठाच्या गिरणीत गेली, आणि तिथून दळण न घेताच परत आली. जी तोंडं काल हसली होती ती आज तिला बसायला जागा करून देत होती. हे सगळं बघून आल्यावर तिनं संध्याकाळी पितळी ताट चिंचेनं घासायला घेतलं.

ताट चकचकीत झालं आणि जयसिंगदादा दारात आले. बरोबर दोघे-तिघे, हातात पेढ्यांचा पुडा. गावची लेक म्हणून सगळं गाव मुक्ताईला आत्या म्हणायचं.

"मुक्ताआत्या, खरं निघालं बरं का तुमचं! आता तुमी फुडल्या खुर्चीवर बसायचं. शाल, श्रीफळ, फोटू, समदं."

"शाल मला नगं. ताट पायजे."

जयसिंग खुर्चीच्या कडेला टेकले. पुड्याची दोरी सोडत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "आत्या, तुमी जुनी मान्सं, तुमाला काय सांगायचं. ओवाळायला सवाशीन लागती. नवी कोरी गाडी, रस्त्यावरचा धंदा. उद्या काय झालं तर लोक मलाच बोलतील. भाग्यश्री ओवाळंल." भाग्यश्री म्हणजे त्यांची बायको. पुढल्या निवडणुकीत वॉर्ड महिलांसाठी राखीव होईल अशी गावात बोलवा होती, आणि जयसिंगांना कुठलीच गोष्ट आयत्या वेळी करायला आवडत नसे.

मुक्ताईनं ताट पदरानं पुसलं. कालपर्यंत तिची तारीख खोटी होती. तारीख खरी ठरली तर कपाळ आडवं आलं. आईच्याही वेळी हेच झालं होतं. दगडावरचं ताट कुणीतरी आत आणून ठेवलं आणि ते परत तिच्या हाती आलंच नाही.

"पेढे घिऊन जा जयसिंगा," ती म्हणाली. "माज्या वाढदिवसाचं पेढं माजं घर वाटंल."

एक जून उजाडला. चौकात मंडप लागला, भोंगे लागले, बँडवाले टोप्या घालून आले. जयसिंगदादा पांढऱ्याशुभ्र कपड्यात स्टेजवर फिरत होते. भाग्यश्रीवहिनी भरजरी शालू नेसून ताट सांभाळत उन्हात उभ्या होत्या. पहिल्या रांगेत मधली खुर्ची मुक्ताईसाठी राखून ठेवली होती आणि ती रिकामी होती.

मुक्ताई होती जुन्या स्टॉपवर. लिंब रस्तारुंदीत कधीच गेला होता. त्याच्या जागी एक पत्र्याची शेड होती, तिच्यावर क्लासच्या जाहिराती. तिथं आता फक्त पीएमपीच्या गाड्या थांबतात, लांबच्या एसट्या सुसाट निघून जातात. मुक्ताईनं हिरवं नऊवारी नेसलं होतं. हातात ताट, ताटात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, आणि आईची मोडक्या खड्याची अंगठी. शेजारी शेफाली ओढणी पसरून निरांजनाला आडोसा धरून उभी. तिनं कंपनीला कळवलं होतं की घरी कार्य आहे. कसलं कार्य, हे तिला इंग्रजीत सांगता आलं नव्हतं.

पहिली एसटी आली. मुक्ताईनं हात केला. गाडी धूळ उडवत गेली. निरांजन विझलं. शेफालीनं काडी ओढली. दुसरी आली, बंद काचांची, थंडगार. तिच्या ड्रायव्हरनं बघितलंसुद्धा नाही. पुन्हा दिवा गेला, पुन्हा काडी. मग ट्रकामागून ट्रक. मुक्ताईचा हात भरून आला.

"आजी, मी मध्ये जाऊन उभी राहते," शेफाली म्हणाली.

"ऱ्हा गप. एसटीला हात दाखवायचा आसतो. आडवं पडायचं नसतं."

तिसरी गाडी दिसली ती जुनी, लाल, नगरहून स्वारगेटला निघालेली. मुक्ताईनं ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजवा हात सरळ वर केला. तिला लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की ही बाई गाडी थांबवत नाही, हजेरी देते आहे. ब्रेक करकरले. गाडी शेडच्या दोन हात पुढं जाऊन थांबली.

दार उघडून कंडक्टर उतरली. तिशी-पस्तिशीची बाई, खाकी कपडे, गळ्यात तिकिटाचं मशीन, कपाळ मोकळं. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं नम्रता.

"लवकर चढा आजी, इथं स्टॉप नाही आपला. कुठं जायचंय?"

"कुटंच न्हाई. गाडी ओवाळायची हाय."

"काय?"

मुक्ताईनं सांगितलं. तिनं ही गोष्ट आयुष्यभर लांबण लावून सांगितली होती, पण रस्त्यावर उभ्या गाडीपुढं ती चार वाक्यांत बसली. पहिली गाडी, आईचं ताट, आलेली कळ, दगडावर राहिलेला दिवा. मागं हॉर्न सुरू झाले. खिडकीतून एक माणूस ओरडला, "ओ मॅडम, घ्या की म्हातारीला आत नाहीतर सोडा!" दुसऱ्या खिडकीतून कुणी विचारलं, "काय म्हणतेय ती?" आणि पहिल्याच माणसानं ऐकलेलं सगळं मागं सांगायला सुरुवात केली.

ड्रायव्हर सोनबा वर बसून ऐकत होता. त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. चढताना वेळेवर न सुटणारी, उतरताना वेळेवर न थांबणारी ही गाडी नगर रस्त्याच्या मधोमध गप्प उभी राहिली. सोनबा खाली उतरला, फडक्यानं समोरचा पत्रा आपलं देवघर पुसावं तसा पुसला, आणि बाजूला झाला.

"ओवाळा आई," तो म्हणाला.

मुक्ताई पुढं झाली. बोट कुंकवात बुडवलं आणि थबकली. मग नम्रताकडे वळून म्हणाली, "आदी तुला लावते. गाडी तुजी."

नम्रता एक पाऊल मागं सरली. तिच्या कंडक्टरच्या आवाजातला सगळा जोर गेला. "मला नको आजी. माझे मिस्टर याच डेपोला ड्रायव्हर होते. गेले. त्यांच्या जागी लागले मी. मला... लावत नाहीत कुणी."

मुक्ताईनं कुंकवाचं बोट तसंच पुढं धरलं. सगळा रस्ता हॉर्न वाजवत होता.

"मलाबी लावत न्हाईत," ती म्हणाली. "माज्या आईला पन न्हाई लावलं. तिच्या हातचं ताट काढून घेतलं, माज्या हातचं काढून घेतलं. आन् तू रोज येवढी मान्सं घिऊन जातीस, सुखरूप सोडतीस. कोन पोचलं न्हाई का तुज्या हातनं? वर कर तोंड."

नम्रतानं तोंड वर केलं. मुक्ताईनं तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं, ठसठशीत, रुपयाएवढं. मग गाडीच्या कपाळावर तसंच. अक्षता टाकल्या. सुपारी आणि आईची अंगठी गाडीवरून फिरवली आणि ताट उचललं. शेफालीनं ओढणी धरली, सोनबानं आपली टोपी आडवी धरली, आणि त्या दोघांच्या आडोशाला दिवा सरळ उभा जळत राहिला. मुक्ताईनं गाडी ओवाळली. ती घाई करत नव्हती. आईच्या वाटणीचं आणि आपल्या वाटणीचं, दोन्ही तिला करायचं होतं.

खिडक्यांतून आता माणसं अर्धी बाहेर आली होती. कुणीतरी म्हणालं, "आजी, आज माझा पण वाढदिवस आहे हो!" मागून दुसरा म्हणाला, "माझा पण." नम्रतानं कपाळाला हात न लावता डोळे पुसले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात गाडीकडे बघून ओरडली, "एक जूनवाले हात वर करा!"

निम्म्या गाडीनं हात वर केले. पिकलेल्या डोक्यांचे, काठ्यांचे, पिशव्या धरलेले हात. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि जो हशा झाला त्यानं हॉर्न झाकून टाकले. हा हशा मंडपातल्यासारखा नव्हता. मुक्ताई स्वतःही त्यात होती.

आणि हॉर्न तरी कुणाचे? त्यात एक होता जयसिंगदादांच्या सजवलेल्या एसटीचा. ती लोणीकंदाकडून वेळेवर निघाली होती आणि या लाल गाडीच्या मागं, आठ-दहा ट्रकांच्या रांगेत, झेंडूच्या माळांसकट अडकली होती. चौकात वाट बघून कंटाळलेलं गाव आधी दोघं-चौघं, मग घोळक्यानं स्टॉपकडे आलं. बँडवालेही आले, कारण मंडपात वाजवायला माणूस उरलं नव्हतं. जयसिंगदादा तरातरा चालत आले ते ओरडायच्या तयारीनं. त्यांनी गाडीवरचं कुंकू बघितलं, कंडक्टरच्या कपाळावरचं बघितलं, आणि आत्याच्या हातातलं ताट बघितलं. गाव आत्याच्या बाजूला उभं होतं. राजकारणातल्या माणसाला एवढं मोजायला वेळ लागत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा त्या वेळी राजकारणातल्या माणसाचा राहिला नव्हता.

"ये जयसिंगा," मुक्ताई म्हणाली. "तुजाबी वाढदिवस हाय म्हणं आज."

ते पुढं आले. मुक्ताईनं त्यांना नाम लावला आणि कानाशी वाकून हळूच म्हणाली, "तू बेंदराच्या आदल्या दिशी झालास. बैलं धुवून आनली आन् तुजी आई बसली. मीच घेतलं तुला पयलं. पर ऱ्हाऊ दे. आजचाबी घे."

जयसिंगदादा तिच्या पाया पडले. मागून भाग्यश्रीवहिनी शालू सावरत आल्या. त्यांच्या ताटातलं निरांजन कधीच विझलं होतं. त्यांनी ते मुक्ताईच्या निरांजनावर पेटवून घेतलं आणि मुक्ताईलाच ओवाळलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला न विचारता काहीतरी केलं असावं, कारण जयसिंगदादा बघत राहिले.

सोनबा वर चढला. इंजिन सुरू झालं. नम्रता दारात उभी राहून घंटेची दोरी ओढायच्या आधी म्हणाली, "आजी, उद्यापण याच वेळेला येते मी. हात करा."

दोनदा घंटा वाजली. सोनबानं हॉर्न दाबला, तो गावाची हद्द संपेपर्यंत सोडला नाही. मुक्ताई ताट घेऊन, गाडी दिसेनाशी होईपर्यंत मान वर करून बघत राहिली.

संध्याकाळी रंगनाथराव घरी आले. न बोलावता कुणाच्या घरी जायची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून आधी दारातच म्हणाले, "बोलावलेलं नाही, तरी आलो आहे." शेफालीनं त्यांच्यापुढं शेवयांची वाटी ठेवली. त्यांनी फोन काढला.

"आजी, पुढच्या वर्षीच्या दिनविशेषात एक ओळ वाढवायची आहे. प्रभात झालं, डेक्कन क्वीन झाली, एसटी झाली. त्याखाली आपलं नाव घालतो. मुक्ताई, जन्म, भैरववाडी. चालेल?"

मुक्ताईनं विचार केला. ताट पुसून फडताळात ठेवलं, आणि अंगठी तिथं न ठेवता बोटात घातली.

"माजं नगं. मी नुसती जन्मले, त्यात माजं काय. आसं लिवा. एक जून. चंद्रभागाबाईनं येशटी ओवाळली."

रंगनाथराव लिहायला लागले आणि त्यांचं बोट थांबलं. "सन कुठलं घालू? आजचं, की अठ्ठेचाळीस?"

"अठ्ठेचाळीस," मुक्ताई म्हणाली. "दिवा तवाच लावला व्हता तिनं."

पुरावा मागितल्याशिवाय आयुष्यात एक ओळ न लिहिलेल्या त्या माणसानं मान खाली घातली, अठ्ठेचाळीस लिहिलं, आणि पुढं कंसात घातलं, तपासलेले.